अस्मानी, सुलतानी आणि कंपनी : एक प्रस्तावना

मराठी भाषेने संकटांची मोजदाद फार पूर्वीच दोन शब्दांत उरकली आहे. पावसाने पाठ फिरवली, गारपीट झाली, टोळधाड आली तर ते अस्मानी. आणि सारा वसूल करणाऱ्याने, लुटारू फौजेने किंवा लहरी सत्ताधीशाने घर धुऊन नेले तर ते सुलतानी. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ या गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या नावावर 'अस्मानी सुलतानी' ही रचना आहे, आणि 'आनंदवनभुवनी' हीदेखील त्यांचीच रचना आहे. पहिलीत उद्ध्वस्त मुलखाचे वर्णन येते, तर दुसरीत अरिष्टे सरल्यानंतरच्या मुलखाचे स्वप्न. पाश्चात्त्य साहित्यविचारात ज्याला यूटोपिया म्हणतात, म्हणजे आदर्श समाजाची कल्पनासृष्टी, आणि ज्याला डिस्टोपिया म्हणतात, म्हणजे बिघडलेल्या समाजाचा दुःस्वप्नलोक, त्या दोहोंची जोडी अशा रीतीने एकाच कवीच्या संचितात, एकाच गावाच्या नावाशी बांधलेली सापडते. हे साम्य फार ताणणे बरे नव्हे, कारण रामदासांचे दुःस्वप्न डोळ्यांदेखत घडलेल्या वर्तमानाचे होते आणि आधुनिक डिस्टोपिया बहुधा न आलेल्या उद्याविषयी बोलतो. तरीही जांबच्या शिवारात उभे राहून या विषयाकडे पाहिले की एक प्रश्न आपोआप पुढे येतो, तो असा की अस्मानी आणि सुलतानी या दोन खात्यांत न बसणारे तिसरे संकट आले, तर त्याची नोंद कोणत्या शब्दाने करावी.

तिसऱ्याचे आगमन तसे जुनेच आहे. लंडनच्या व्यापाऱ्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळाली, म्हणजे रामदासांच्या जन्मापूर्वी जेमतेम सात वर्षे. आणि त्यानंतर दोनशे वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्याच्याच उत्तर भागातील असई गावाजवळ आर्थर वेलस्लीच्या हाताखालील कंपनीच्या फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. त्या फौजेत इंग्लंडच्या राजाच्या पलटणीही होत्या हे खरे, पण मोहीम कंपनीची होती, आणि कंपनी म्हणजे आपल्या भागधारकांना दरसाल लाभांश वाटणारी व्यापारी मंडळी. खाजगी सैन्य बाळगणारी, तह करणारी आणि मुलूख जिंकणारी कंपनी हे विज्ञानकादंबरीकारांचे आवडते चित्र या जिल्ह्याच्या मातीत असे आधीच घडून गेलेले आहे. पुढे त्या कंपनीने राज्य केले म्हणून लोकांनी तिला 'कंपनी सरकार' म्हटले, म्हणजेच तिला सुलतानीच्या खात्यात टाकले. मराठवाडा तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला, त्यामुळे कंपनी सरकारचा रोजचा अनुभवही त्याच्या वाट्याला फारसा आला नाही. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेव्हा सैन्य न आणणारी, सारा न मागणारी आणि कोणावरही सक्ती न करणारी कंपनी शेताच्या बांधापर्यंत पोहोचली, तेव्हा तिच्या सत्तेला काय म्हणावे हे कोणालाच नीटसे सुचले नाही.

कॉर्पोरेट डिस्टोपिया या संज्ञेने ज्या कथा ओळखल्या जातात, त्यांत राज्यसंस्था नावापुरती उरलेली असते किंवा कंपनीची चाकर झालेली असते, आणि अन्न, औषध, निवारा, संरक्षण व अखेर माणसाची इच्छासुद्धा कंपनीच्या ताळेबंदातून ठरू लागते. या कथांना भयाचा विषय पुरवते ते कंपनी या वस्तूचे कायदेशीर स्वरूप. कंपनी ही कायद्याने घडवलेली व्यक्ती असते. तिला मालमत्ता धारण करता येते, दावा लावता येतो, पण तिला म्हातारपण नाही, मरण बहुधा नाही, आणि तिला तुरुंगात टाकण्याची सोय नाही. शिवाय भागधारकाची जबाबदारी त्याने गुंतवलेल्या पैशापुरती मर्यादित असल्यामुळे लाभ जिथवर पोहोचतो तिथवर दोष पोहोचत नाही. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० च्या 'आर. यू. आर.' या नाटकाने जगाला रोबो हा शब्द दिला हे सर्वांना ठाऊक असते, परंतु नाटकाचे नाव हे कृत्रिम मजूर बनवणाऱ्या एका कंपनीच्या नावाचे लघुरूप आहे, आणि ज्या चेक शब्दावरून रोबो आला त्याचा अर्थ वेठ असा आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. मराठीतला वेठबिगार आणि कारखान्यातला रोबो हे अशा प्रकारे अर्थाने सख्खे भाऊ ठरतात. फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ यांच्या १९५३ च्या 'द स्पेस मर्चंट्स' मध्ये अमेरिकेचे सिनेटर राज्यांचे नव्हे, तर कंपन्यांचे प्रतिनिधी असतात आणि जाहिरात कंपन्या समाज चालवतात. मार्गारेट ॲटवूड यांच्या २००३ च्या 'ओरिक्स अँड क्रेक' मध्ये जैवतंत्रज्ञान कंपन्यांचे नोकर कुंपणाआडच्या वसाहतींत राहतात आणि उरलेले जग बाहेर सडत असते.

जालना जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत जवळची कादंबरी पाओलो बाचिगालुपी यांची 'द विंडअप गर्ल' ही २००९ ची होय. तिच्यातले जग तेविसाव्या शतकातील थायलंडचे आहे, आणि तिथे सत्ता गाजवतात त्या उष्मांक विकणाऱ्या कंपन्या. त्यांचे बियाणे वांझ असते, म्हणजे त्यापासून आलेल्या पिकाचे दाणे पुन्हा पेरता येत नाहीत, आणि पिकांवरचे जे रोग जगाला ग्रासतात तेही प्रयोगशाळांतूनच सुटलेले असतात. थायलंडने स्वतःची बीजपेढी जपून ठेवली आहे, आणि कंपनीचा माणूस वेगळ्याच धंद्याचे सोंग घेऊन तिच्या शोधात आलेला आहे. ज्या प्रदेशात 'जालना सोने का पालना' ही म्हण प्रचलित आहे आणि ज्या शहराची आजची ख्याती बियाण्यांच्या उद्योगासाठी आहे, तिथल्या वाचकाला ही कादंबरी परक्या ग्रहावरची वाटण्याचे कारण नाही.

या ख्यातीचा आरंभ बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात स्थापन केलेल्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीपासून, म्हणजे महिकोपासून, होतो. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि तो अनाठायी नव्हता. सरकारी यंत्रणा तोकडी पडत असताना संकरित बियाणे लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे काम या कंपनीने केले. ही गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, कारण दुःस्वप्नकथांतील कंपनी नेहमी बाहेरून येते आणि तिचा मनोरा दूरच्या महानगरात असतो, तर इथली कंपनी शेजारच्या गल्लीतून निघाली. १९९८ मध्येच मॉन्सँटो या अमेरिकन कंपनीने महिकोत २६ टक्के भाग घेतला, दोघींनी मिळून महिको मॉन्सँटो बायोटेक ही संयुक्त कंपनी उभारली, आणि मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. बीटी हे 'बॅसिलस थुरिन्जिएन्सिस' या मातीतील जिवाणूचे लघुरूप आहे. त्याचे जनुक कपाशीत घातल्यामुळे झाडातच असे प्रथिन तयार होते की ते खाल्लेली बोंडअळी मरते.

सत्ता इथे कशी निर्माण झाली हे समजण्यासाठी बियाण्याचे साधे जीवशास्त्र पुरेसे आहे. सरळ वाण म्हणजे ज्याचे दाणे पुन्हा पेरले तरी पीक आईबापांसारखेच येते असे वाण. संकरित वाण म्हणजे दोन वेगळ्या आईबापांच्या मिलनातून झालेली पहिली पिढी, जी जोमदार आणि एकसारखी असते, पण जिचे दाणे पुन्हा लावले तर पुढच्या पिढीत गुण फुटून जातात आणि शेतात उंच, ठेंगणे, लवकर, उशिरा असे सगळे प्रकार उगवतात. जगातल्या अनेक देशांत बीटी कपाशी सरळ वाणांतही आली, भारतात मात्र ती जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांतूनच आली. त्यामुळे पूर्वी जिनिंगमधून सरकी आणून, शेणमातीच्या काल्यात चोळून तिच्यावरचे तंतू बसवणे आणि मग ती पेरणे ही जी घरची रीत होती, ती संपली. तिची जागा कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या, रंगीत औषध चोळलेल्या दाण्यांच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाने घेतली. मराठवाड्यात या पाकिटाला कोणी पाकीट म्हणत नाही, सगळे बॅग म्हणतात, आणि एकरी किती बॅगा लागल्या यावरून कपाशीचा हिशेब सांगितला जातो.

कादंबरीकारांनी आणि चळवळींनी मिळून ज्या भयाचा सर्वांत मोठा गाजावाजा केला ते भय टर्मिनेटर बियाण्याचे होते. १९९८ साली अमेरिकेत अशा तंत्राला पेटंट मिळाले की ज्याने पिकाचे दाणे अंकुरक्षमताच गमावतील. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्नाटकात शेतकऱ्यांनी मॉन्सँटोच्या चाचणी-शेतांतील कपाशी उपटून जाळली. टर्मिनेटरचे तंत्र मात्र कुठेही बाजारात आले नाही. मॉन्सँटोने १९९९ मध्ये ते बाजारात न आणण्याचे जाहीर केले आणि भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने अशा वाणांची नोंदणीच निषिद्ध ठरवली. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि कंपनीचे नाव न लावता विकण्याचा हक्क दिला, जो जगातील बहुतेक पेटंट-कायद्यांपेक्षा उदार आहे. आणि तरीही दरवर्षी जूनमध्ये बॅग विकत घ्यावीच लागते. बियाणे वांझ करण्याची गरजच पडली नाही. ते पेरण्यालायक न उरणे पुरेसे होते. हक्क कागदावर शाबूत आहे, फक्त ज्यावर तो बजावायचा ती वस्तू शेतकऱ्याच्या घरात नाही. बाचिगालुपींच्या कल्पनेपेक्षा हे वास्तव अधिक सफाईदार आहे, असे म्हणणे भाग आहे.

बॅगच्या किमतीचा इतिहासही याच दृष्टीने वाचावा लागतो. पहिल्या काही वर्षांत ही किंमत दीड हजार रुपयांच्या पुढे होती आणि तिचा मोठा हिस्सा स्वामित्वशुल्काचा, म्हणजे जनुकाच्या मालकीपोटी आकारलेल्या रकमेचा, होता. २००६ पासून राज्यांनी आणि डिसेंबर २०१५ च्या आदेशानंतर केंद्राने ही किंमत बांधून दिली. २०१६ साली बोलगार्ड दोन या दुहेरी जनुकाच्या बीटी कपाशीच्या बॅगेसाठी ८०० रुपये ठरले, त्यांत स्वामित्वशुल्क ४९ रुपये, आणि २०२० साली ते शुल्क शून्यावर आणले गेले. म्हणजे कादंबऱ्यांत दिसते तशी राज्यसंस्था इथे गायब झाली नाही. ती दरवर्षी दर ठरवत राहिली, कंपन्या न्यायालयात गेल्या, पेटंटचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, तिथे जानेवारी २०१९ मध्ये त्यावर निकाल झाला, आणि २०२१ मध्ये तो आपसांत मिटला. दरम्यान २०१८ मध्ये मॉन्सँटो ही कंपनी बायरने विकत घेतली. ज्या नावाविरुद्ध वीस वर्षे घोषणा दिल्या गेल्या ते नावच संपले, बियाणे मात्र तेच राहिले. मरण न येणाऱ्या व्यक्तीचे हे कलेवरांतर कोणत्याही कथेत रंगवण्यासारखे आहे.

या सगळ्या इतिहासात दुःस्वप्नाला सर्वांत जवळून स्पर्श करणारी वस्तू मात्र एक लहानसे दुसरे पाकीट आहे. ४५० ग्रॅमच्या बॅगेसोबत १२० ग्रॅम साध्या, म्हणजे बिगर-बीटी, कपाशीचे बियाणे मिळत असे आणि ते शेताच्या कडेने लावावे असा नियम होता. त्यामागचा विचार असा की बीटीला दाद न देणारी एखाददुसरी अळी वाचलीच, तर तिच्या पतंगाला मिलनासाठी त्या आश्रयपट्ट्यातील साधे पतंग भेटावेत, आणि प्रतिकारशक्ती पुढच्या पिढीत पातळ व्हावी. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे पाकीट म्हणजे अळीसाठी राखलेले शेत होते. कोरडवाहू दोन-तीन एकरांत अळीला वाटा कोण देणार? पाकिटे बांधावर टाकली गेली, घराच्या आढ्याला खोचली गेली, कित्येकदा दुकानातच राहिली. कंपनीला हे ठाऊक होते, कृषी खात्याला ठाऊक होते, दुकानदाराला तर रोज दिसत होते. कपाशी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड म्हणून राखण्याची जुनी सवय त्यात मिळाली, आणि कपाशीखेरीज दुसरे फारसे काही न खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीला वर्षभराचे घर मिळाले. गुजरातमध्ये तिने पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देणे थांबवल्याची कबुली २०१० मध्ये आली, आणि २०१७ च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात दुहेरी जनुकाची कपाशीही तिने पोखरली. फुलाच्या पाकळ्या आतून लाळेने चिकटून ते कळीसारखे मिटलेले दिसते, त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. बाहेरून देखणे असलेले बोंड फोडले तर आत कुजलेली पाकळी आणि डाळीच्या दाण्याएवढी गुलाबी अळी निघते. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले.

या घटनाक्रमात खलनायक शोधू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि दुःस्वप्नकथा व वास्तव यांतील खरा फरक इथेच आहे. ॲटवूड यांच्या कादंबरीत औषध कंपनी स्वतःच्या गोळ्यांतून रोग पसरवते, म्हणजे तिथे कोणीतरी ठरवून दुष्टपणा केलेला असतो, आणि वाचकाला रागावण्यासाठी एक चेहरा मिळतो. १२० ग्रॅमच्या पाकिटाबाबत प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचेच वर्तन केले. कंपनीने नियम पाळून पाकीट दिले, शासनाने नियम करून ठेवला, शेतकऱ्याने आपली जमीन वाचवली. सर्वांच्या शहाणपणाची बेरीज बोंडात सापडली. कादंबरीला हे दाखवणे अवघड जाते, कारण कथेला इच्छा लागते, आणि इथे इच्छा कोणाचीच नव्हती.

शेतकरी या कथेत केवळ सोसणारा आहे असेही नाही. २००१ साली, अधिकृत परवानगीच्या आधीच, गुजरातेत 'नवभारत १५१' या नावाने बीटी जनुक असलेली कपाशी हजारो एकरांवर उभी असल्याचे उघडकीस आले. सरकारने ती जाळावी असे म्हटले तेव्हा शेतकऱ्यांनी नकार दिला आणि शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने त्यांची बाजू घेतली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे याच संघटनेने तणनाशक-सहनशील कपाशीची, जिला परवानगी नाही, उघडपणे लागवड केली. अशा बियाण्याला बाजारात चोर बीटी म्हणतात. ते पावतीविना मिळते, त्याच्या बॅगेवर वाटेल ते नाव असते, आणि ते न उगवल्यास दाद मागण्याची सोय नसते. या शेतकऱ्यांच्या लेखी दुःस्वप्न कंपनीचे नव्हते, तंत्रज्ञान अडवून धरणाऱ्या सरकारचे होते. सुलतानी हा शब्द त्यांनी जुन्याच अर्थाने वापरला. कॉर्पोरेट डिस्टोपियाची परिभाषा जशीच्या तशी मराठवाड्यावर बसवणाऱ्या अभ्यासकाला ही अडचण टाळून पुढे जाता येणार नाही.

कंपनीची सत्ता अधिक उघडी दिसते ती बियाणे विकत घेणाऱ्याकडे नव्हे, तर बियाणे पिकवणाऱ्याकडे. जालना आणि लगतच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा परिसरात मिरची, टोमॅटो, काकडी यांचे बीजोत्पादन शेडनेटमध्ये करारावर चालते. कंपनी नर आणि मादी वाणांची रोपे किंवा बियाणे देते. मिरची-टोमॅटोच्या मादी वाणाच्या फुलातील पुंकेसर चिमट्याने काढणे आणि नर वाणाच्या फुलाचा पराग मादी वाणाच्या फुलावर लावणे हे काम हाताने, फुलागणिक, बहुतांशी बायका करतात. तयार झालेले बियाणे कंपनीखेरीज कोणालाही विकता येत नाही. ते प्रयोगशाळेत आणि चाचणी-शेतात उगवण व शुद्धतेसाठी तपासले जाते, आणि निकाल येईपर्यंत पूर्ण पैसे हाती पडत नाहीत. तपासणी करणारा, निकाल देणारा आणि पैसे देणारा एकच असतो. 'लॉट फेल झाला' या तीन शब्दांनंतर शेडनेटचे कर्ज उरते आणि अपील करण्याची जागा उरत नाही. काफ्काच्या कादंबऱ्यांतील न्यायालय ज्यांनी वाचले आहे त्यांना या तीन शब्दांची जात ओळखू येईल.

भारतीय साहित्याने या सत्तेची दखल घेतली नाही असे नाही. दीनबंधु मित्र यांच्या १८६० च्या 'नीलदर्पण' या बंगाली नाटकात नीळ पिकवण्यासाठी आगाऊ रक्कम देऊन रयतेला पिढ्यान्‌पिढ्या बांधून टाकणारे मळेवाले येतात, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याची कैद व एक हजार रुपये दंड झाला. नीळवाल्यांचे दादन, म्हणजे ही आगाऊ रक्कम, आणि मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराची उचल यांच्यातील नाते स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. मराठीत महात्मा फुले यांच्या १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' पासून सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' या २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या कादंबरीपर्यंत शेतकऱ्याच्या नागवणुकीची मोठी परंपरा आहे. परंतु तिच्यात सावकार आहे, तलाठी आहे, व्यापारी आहे, पुढारी आहे. कंपनी क्वचितच आहे. मराठी विज्ञानकथेने अवकाशयान आणि संगणक यांच्यावर जितका विचार केला तितका कंपनी या कृत्रिम व्यक्तीवर केला नाही, आणि ग्रामीण कथेने तिला ओळखले नाही, कारण ती गावात कोणाच्या घरी राहत नाही. सावकाराला वाडा असतो, पारावर बसणारे चार हस्तक असतात, मुलीच्या लग्नात त्याला पहिले आमंत्रण द्यावे लागते. कंपनीचे असे काही दिसत नाही. दिसतो तो दुकानाबाहेर टांगलेला फलक, आणि हंगामात हवी ती बॅग हवी असेल तर सोबत नको असलेले खत घ्यायला लावणारी दुकानदाराची युक्ती, जिला सगळे लिंकिंग म्हणतात.

जांबच्या परिसरात गोदावरी जवळ आहे आणि जायकवाडीच्या पाण्यामुळे उसाचा पट्टाही आहे. तरी कोरडवाहू रानात अजून कपाशी लावली जाते आणि जूनच्या पहिल्या पावसाकडे डोळे लागतात. बॅग आता ४७५ ग्रॅमची असते. बांधावर फेकल्या जाणाऱ्या त्या स्वतंत्र पाकिटाचा नाद सोडून देण्यात आला असून, पाच ते दहा टक्के साधे बियाणे बीटी बियाण्यातच मिसळून दिले जाते. दाण्यांना एकच रंग असतो, आणि सरकी टोबणाऱ्या बाईच्या ओंजळीत अळीच्या वाट्याचा दाणा कोणता, हे तिला सांगता येत नाही.